लिनक्स टाकण्याआधी नेटवर्क कार्ड ओळखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तेव्हापासून ‘जुना लॅपटॉप भंगारात घालू नका, त्यावर लिनक्स टाका’ असा सल्ला आपल्या दैनिकातही अधूनमधून वाचायला मिळतो. सल्ला योग्यच आहे; लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत संगणक प्रणाली आहे. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा आहे, एवढ्याच कारणाने विंडोज ११ ज्यांना दारात उभे करत नाही, ती यंत्रे लिनक्सवर अजून काही वर्षे कामाची आहेत. मात्र या लेखांत नेटवर्क कार्डाचा (वायफाय किंवा केबलने यंत्र जोडणाऱ्या भागाचा) विषय दोन ओळींत उरकलेला असतो, किंवा नसतोच. लोक अडतात ते नेमके तिथे. स्क्रीन नीट दिसतो, आवाज येतो, मराठी कळफलकही चालतो. वायफायच्या यादीत मात्र एकही नाव नाही. ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा, असा पेच पडतो आणि यंत्र पुन्हा विंडोजवर जाते. म्हणून हे जरा लांबलेले पत्र. (आज्ञा व पॅकेजांची, म्हणजे तयार सॉफ्टवेअर संचांची, नावे छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायची.)

विंडोजची सवय अशी, की कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर जायचे, सेटअप उतरवायचा आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटायचे. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, असतात. तेव्हा ‘ड्रायव्हर कुठे मिळेल’ असे विचारण्याआधी ‘हे कार्ड कोणत्या कर्नलपासून चालते’ असे विचारावे. स्वस्त लॅपटॉपांत सर्रास सापडणारे रियलटेकचे आरटीएल ८८२१सीई हे कार्ड घ्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ५.९ कर्नलपासून त्याचा ड्रायव्हर आतच आहे. उबुंटू, डेबियन, मिंट, फेडोरा ही लिनक्सचीच वेगवेगळी रूपे. त्यांतले उबुंटू २०.०४ मूळ ५.४ कर्नलवर होते, म्हणून तेव्हा बाहेरचा ड्रायव्हर बांधावा लागे. उबुंटू २२.०४ (कर्नल ५.१५) किंवा डेबियन १२ (कर्नल ६.१) टाकणाऱ्याला त्याची गरज नाही. तरी इंटरनेटवरचे जुने सल्ले अजून तोच ड्रायव्हर उतरवायला सांगतात. तो टाकला की एकाच कार्डावर दोन ड्रायव्हर हक्क सांगू लागतात, आणि चालू असलेले वायफाय बंद पडते. अशा सल्ल्याची तारीख आधी पाहावी. ‘एनडीआयएसरॅपर’ने विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये घालायला सांगणारा मजकूर दिसला, तर पुढे वाचूही नये.

कार्ड ओळखायचे ते खोक्यावरून किंवा लॅपटॉपच्या मॉडेलवरून नाही. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या तीन-तीन वेगळी कार्डे बसवतात. खरी ओळख म्हणजे कार्डात कोरलेले दोन क्रमांक, पहिला चिप बनवणाऱ्याचा आणि दुसरा चिपचा. विंडोज अजून पुसले नसेल तर तिथेच पाहून ठेवा: डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, कार्डावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खालच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. ‘व्हीईएन’नंतरची चार अक्षरे कंपनीची, ‘डीईव्ही’नंतरची चार चिपची. लिनक्समध्ये हेच टर्मिनलवर (आज्ञा टंकायच्या खिडकीत) ‘एलएसपीसीआय -एनएनके’ या आज्ञेने दिसते आणि यूएसबी डोंगलसाठी (बाहेरून खोचायच्या छोट्या कार्डासाठी) ‘एलएसयूएसबी’ने. कंपनीचे आकडे पाठ करण्याइतके थोडे आहेत: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस. रियलटेकचे यूएसबी डोंगल ०बीडीए दाखवतात.

‘एलएसपीसीआय’च्या उत्तरात कार्डाच्या नावाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे की नाही ते पाहा. पुढचे सगळे निदान तिच्यावरून ठरते. ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे आणि दुखणे फर्मवेअर, स्विच किंवा सेटिंगमध्ये आहे. ती नसून फक्त ‘कर्नल मॉड्यूल्स’ असेल, तर ड्रायव्हर आहे पण चढलेला नाही. दोन्ही नसतील तेव्हाच नवा ड्रायव्हर शोधायला निघावे.

हे सारे डिस्क पुसण्याआधी करता येते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करा, ‘इन्स्टॉल’ न निवडता ‘ट्राय’ निवडा. वायफाय जोडून पाहा, केबल लावून पाहा, झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा आणि वायफाय परत येते का तेही पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे.

इंटेल आणि अथेरॉसबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. ती बहुधा पहिल्या फटक्यात चालतात. इंटेलमध्ये अडते ते फर्मवेअरवर. ड्रायव्हर कर्नलमध्ये असला तरी कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम वेगळ्या फाइलमधून भरावा लागतो. ‘सुडो डीएमईएसजी’च्या (कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेच्या) उत्तरात ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ (इंटेलचा ड्रायव्हर) शब्दाजवळ ‘फेल्ड टू लोड’ आणि कंसात उणे २ दिसले, तर ती फाइल डिस्कवर नाही. डेबियनमध्ये ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’ हे पॅकेज टाकले की भागते. रियलटेक आणि अथेरॉससाठी त्याच धर्तीची पॅकेजे आहेत. डेबियनच्या सभासदांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायचे ठरवले, आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून ते मिळते. कुणी जुना डेबियन ११ चा पेनड्राइव्ह जपून ठेवला असेल तर तो आता फेकावा.

खरी डोकेदुखी ब्रॉडकॉम. २०१२ ते २०१६ च्या आसपासच्या अनेक लॅपटॉपांत बीसीएम ४३१४२ हे कार्ड आहे (क्रमांक १४ई४:४३६५). कर्नलमधला एकही मुक्त ड्रायव्हर त्याला चालत नाही. त्याला ब्रॉडकॉमचा स्वतःचा ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर लागतो, आणि कंपनीने त्याची शेवटची आवृत्ती काढली २०१५ साली. त्यानंतर प्रत्येक नव्या कर्नलशी तो जुळवून घेण्याचे ठिगळकाम डेबियन, उबुंटू वगैरेंचे स्वयंसेवक करत आले आहेत. म्हणून हे कार्ड असलेल्या यंत्रावर अगदी ताजे कर्नल चढवायची हौस करू नये. दीर्घकाळ टिकणारी आवृत्ती घ्यावी आणि तिच्या मूळ कर्नलवर राहावे. बीसीएम ४३१३ ला (१४ई४:४७२७) मात्र कर्नलमधला ‘बीआरसीएमएसमॅक’ पुरतो. सगळे ब्रॉडकॉम सारखे समजून ‘डब्ल्यूएल’ टाकणे हा नेहमीचा घोटाळा आहे.

ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट आणायचे कुठून? खिशातल्या फोनमधून. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर जवळपास प्रत्येक लिनक्सच्या कर्नलमध्ये असतो. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर तेच इंटरनेट केबलमधून पुढे जाते, मोबाइल डेटा खर्च होत नाही. टेदरिंगचा पर्याय फिका दिसत असेल तर बहुधा केबल फक्त चार्जिंगची आहे. तिच्यात डेटाच्या तारा नसतात. केबल बदला.

इंटरनेट आले की आधी पॅकेजांची यादी ताजी करणारी ‘सुडो एपीटी अपडेट’ ही आज्ञा. उबुंटूत ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ आणि लिनक्स मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून ब्रॉडकॉमचा पर्याय निवडला की पुरे. डेबियनमध्ये ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ हे पॅकेज हवे आणि इथे एक खोच आहे. डेबियन १२ मध्ये ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग सुरू असतो, पण हा ड्रायव्हर ‘नॉन-फ्री’ या वेगळ्या विभागात आहे. तो विभाग ‘सोर्सेस’च्या (पॅकेजे कुठून आणायची ते सांगणाऱ्या) फाइलमध्ये आपण लिहिला नाही तर ‘असे पॅकेज नाही’ एवढेच उत्तर मिळते. फेडोरात हा ड्रायव्हर मुळात नाही. आरपीएम फ्यूजन हे बाहेरचे भांडार जोडावे लागते.

पॅकेज टाकताना पडद्यावरून भराभर ओळी जातात. त्यांत डीकेएमएसची ओळ शोधा. डीकेएमएसचे काम म्हणजे ड्रायव्हरचा मूळ मजकूर जपून ठेवणे आणि कर्नल बदलले की नव्या कर्नलसाठी तो पुन्हा बांधणे. त्यासाठी त्या कर्नलचे ‘हेडर’ (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) लागतात. ते नसले की डीकेएमएस ‘हेडर्स सापडत नाहीत’ म्हणून हात वर करतो. अशा वेळी ‘यूनेम -आर’ने चालू कर्नलचा पूर्ण क्रमांक पाहून नेमके त्याच क्रमांकाचे ‘लिनक्स-हेडर्स’ पॅकेज टाकतात, वायफाय सुरू होते आणि माणूस निश्चिंत होतो. पुढच्या महिन्यात अपडेटबरोबर नवे कर्नल येते, त्याचे हेडर येत नाहीत, ड्रायव्हर बांधला जात नाही आणि वायफाय गुपचूप नाहीसे होते. ‘अपडेटने वायफाय बिघडवले’ ही जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते. त्यामुळे ठरावीक क्रमांकाच्या हेडरबरोबर उबुंटूत ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ आणि डेबियनमध्ये ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे पॅकेजही टाकावे. ते प्रत्येक नव्या कर्नलचे हेडर आपोआप आणते. ‘डीकेएमएस स्टेटस’ या आज्ञेत चालू कर्नलच्या क्रमांकासमोर ‘इन्स्टॉल्ड’ आले पाहिजे. आणि अपडेटनंतर वायफाय गेलेच, तर यंत्र सुरू होताना ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचे कर्नल निवडा. वायफाय परत येते आणि दुरुस्तीला वेळ मिळतो.

ड्रायव्हर बांधला गेला, तरी चढत नाही, असेही होते. ‘सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल’ दिल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर आले, तर आडवा येतोय तो सिक्युअर बूट. आपल्या यंत्रावर बांधलेल्या ड्रायव्हरवर ओळखीची सही नाही म्हणून कर्नल त्याला आत घेत नाही. उबुंटू पॅकेज टाकताना ८ ते १६ अक्षरांचा एक पासवर्ड मागतो, तो यासाठीच. रीस्टार्ट केल्यावर एक निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ (सही ओळखणारी किल्ली नोंदवणे), मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’ आणि तोच पासवर्ड. हा पडदा काही सेकंदच थांबतो. लक्ष नसले तर यंत्र नेहमीसारखे सुरू होते आणि किल्ली नोंदवायची राहते. मग ‘एमओकेयूटिल’च्या ‘इम्पोर्ट’ आज्ञेने पुन्हा नोंदणी मागावी लागते. पासवर्डात चिन्हे टाळा, कारण त्या पडद्यावर कळफलक अमेरिकी मांडणीचा असतो. सिक्युअर बूट बायोसमधून (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधून) बंद करणे हा सोपा रस्ता पुष्कळ जण सांगतात. पण त्याच यंत्रावर विंडोजही असेल आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागून बसेल. ती हाताशी नसताना हा रस्ता धरू नये.

ब्रॉडकॉम एवढ्यावर आटोपते. बाकीची दुखणी लहान, पण वेळ खाणारी. कार्ड दिसते आणि नेटवर्क दिसत नाही, तर ‘आरएफकिल’ या आज्ञेने कार्डाचा रेडिओ बंद केलेला आहे का ते पाहा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने सुटते, ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपवरची कळ किंवा कडेचा छोटा स्विच शोधावा लागतो, आज्ञेने काही होत नाही. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या यंत्रावर विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असले की ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट झोपेत राहते. मग लिनक्सला ते जागे करता येत नाही.

एचपीच्या काही लॅपटॉपांत रियलटेकचे आरटीएल ८७२३बीई हे कार्ड असते. राउटर त्याच खोलीत असेपर्यंत वायफाय चालते, पलीकडच्या खोलीत गेले की तुटते. लोक राउटर बदलतात. कारण वेगळे असते: कार्डाला अँटेनाच्या दोन जागा आहेत, लॅपटॉपात तार एकाच जागी लावलेली आहे, आणि ड्रायव्हर दुसऱ्या, रिकाम्या जागेवरून ऐकतो. ‘सुडो मॉडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई’ने ड्रायव्हर उतरवा आणि ‘सुडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२’ने चढवा; २ ने फरक पडला नाही तर १. जो अंक लागू पडेल तो ‘ईटीसी’ या सेटिंगच्या फोल्डरातल्या ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरमध्ये ‘ऑप्शन्स’ने सुरू होणाऱ्या एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे रीस्टार्टनंतर टिकतो. वर सांगितलेले ८८२१सीई कार्ड मधूनच यंत्र गोठवत असेल, तर त्याच फोल्डरमध्ये ‘आरटीडब्ल्यू८८_पीसीआय’साठी ‘डिसेबल_एएसपीएम=१’ (वीजबचतीचा एक प्रकार बंद) लिहावे.

वायफाय दर काही मिनिटांनी मंदावत असेल तर वीजबचत बंद करून पाहा. उबुंटूत ‘ईटीसी’खाली ‘नेटवर्कमॅनेजर’, त्याखाली ‘कॉन्फ.डी’ या फोल्डरमध्ये वीजबचतीची फाइल असते, तिथे ‘वायफाय.पॉवरसेव्ह’समोरचा ३ खोडून २ लिहायचा आणि नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) पुन्हा सुरू करायचा. बॅटरी थोडी लवकर उतरेल. घरातल्या फोनवर दिसणारे नेटवर्क लॅपटॉपवरच दिसत नसेल, तर ‘आयडब्ल्यू रेग गेट’ पाहा. देशाच्या जागी ००, म्हणजे ‘जगात कुठेही’ अशी सावध सेटिंग असेल, तर १२ आणि १३ क्रमांकाच्या चॅनेलवर आणि ५ गिगाहर्ट्झच्या काही भागात कार्ड स्वतःहून हाक देत नाही. ‘सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन’ दिले की भारताचे नियम लागू होतात.

शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वायफायपेक्षा केबल असते, आणि तिथे बहुतेक ठिकाणी रियलटेकचे १०ईसी:८१६८ हे कार्ड. कर्नलमधला ‘आर८१६९’ त्याला पुरतो. नावातला ६९ पाहून ‘चुकीचा ड्रायव्हर लागला’ असे समजू नका. कंपनीचा ‘आर८१६८’ टाकला तर तो ‘आर८१६९’ला बंदी घालतो, आणि पुढे एखाद्या कर्नलवर तो बांधला गेला नाही की केबलही मुकी. यंत्राला स्थिर आयपी पत्ता देताना ‘एनएमसीएलआय’मध्ये (नेटवर्कमॅनेजरच्या आज्ञेत) पत्त्यापुढे ‘/२४’ (पत्त्याचा किती भाग सगळ्या यंत्रांना सामाईक ते सांगणारा आकडा) लिहायला विसरू नये. न लिहिल्यास ते ३२ धरले जाते, आणि शेजारचे यंत्रही दिसत नाही. जुन्या पुस्तिकांतले केबल कार्डाचे ‘ईटीएच०’ हे नाव आता बहुधा ‘ईएनपी३एस०’ अशासारखे असते. ते स्लॉटवरून पडते, म्हणून कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवले की नावही बदलते आणि नावावर बांधलेली सेटिंग लागू होत नाही. डेबियनवर ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’मध्ये कार्ड ‘अनमॅनेज्ड’ दिसले, तर ‘ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ या जुन्या फाइलमध्ये त्याचे नाव राहिले आहे का ते बघा. तिथल्या ओळी काढल्या आणि नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू केला की तो कार्ड ताब्यात घेतो.

इतके करूनही कार्ड हट्टाला पेटले, तर कार्डच बदलावे. पण २०१४ च्या आसपासपर्यंतच्या एचपी आणि लेनोवोच्या पुष्कळ लॅपटॉपांचे बायोस मंजूर यादीबाहेरचे कार्ड बसवले की यंत्र सुरूच होऊ देत नाहीत. तिथे यूएसबी डोंगल बरा. डोंगल घेताना मॉडेलच्या नावावर विसंबू नका. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन च्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर ९२७१ चिप आहे, जिचे फर्मवेअरसुद्धा मुक्त आहे. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाखाली रियलटेकची आरटीएल ८१८८ईयूएस आली. खोके जवळपास तेच, आवृत्ती बारीक अक्षरांत. काही रियलटेक डोंगल लावल्यावर आधी विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी असल्याचे सोंग घेतात आणि ‘एलएसयूएसबी’त ०बीडीए:१ए२बी असा क्रमांक दाखवतात. ती खोटी सीडी ‘इजेक्ट’ केली की खरे कार्ड पुढे येते.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच, की लिनक्सबद्दलच्या पुढच्या लेखासोबत कार्ड ओळखण्याची आज्ञा आणि ‘ट्राय’ करून पाहण्याची सूचना चौकटीत द्यावी. आणि शाळा, ग्रंथालये, पतसंस्था जेव्हा जुनी यंत्रे घेतात किंवा नवी मागवतात, तेव्हा दरपत्रकात ‘वायफाय: आहे’ एवढ्यावर त्यांनी भागवू नये. ‘वायफाय व केबल कार्डाचे चिप क्रमांक लिहावेत; दोन्ही कार्डे डेबियनच्या चालू स्थिर आवृत्तीत बाहेरच्या ड्रायव्हरशिवाय चालली पाहिजेत; पुरवठादाराने पेनड्राइव्हवरून चालवून दाखवावे’ अशा तीन अटी मागणीपत्रातच घालता येतात.

आपले,
संगणक जुळणी व नेटवर्कचे काम करणारे दोन वाचक,
सांगली